उलट्या बादलीचा हिशेब

माझ्या रोपवाटिकेत दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक हजारात बोलतं, दुसरं दोनात. शेतकरी येतो, ट्रे हातात घेऊन रोपाची मुळी बघतो, ‘पाच हजार लागतील, पंधरा तारखेला गाडी लावतो’ म्हणतो आणि विसार टेकवून निघतो. करमाळ्यातल्या पेठेतलं माणूस मात्र भाजीची पिशवी हातात घेऊनच येतं आणि जरा ओशाळून विचारतं, “ताई, टोमॅटोची दोनच रोपं मिळतील का?” धंदा पहिल्या गिऱ्हाइकावर चालतो. डोकं मात्र दुसरंच जास्त खातं, कारण त्याच्याकडे जमीन सोडून सगळं असतं.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक बाई आली. दीड खोलीचं भाड्याचं घर, पुढं हातभर गॅलरी. तिनं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर एक पांढरी बादली आढ्याला टांगलेली आणि तिच्या बुडातून टोमॅटोचं झाड खाली लोंबतंय, लालबुंद फळांसकट. “आपल्याकडं येईल का असं?” माझ्यामागं ट्रे मोजत उभे असलेले एक आजोबा माझ्याआधी बोलले, “आवं, सरळ लावल्यालं जगवायची मारामार, आन् झाडाला शीर्षासन कशापायी करायला लावता?” सगळे हसले, मीही हसले. पण आपल्याला उत्तर माहीत नाही, हे हसता हसताच जाणवलं. त्याच आठवड्यात रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीला बुडात दोन इंचांचं भोक पाडलं आणि शेडच्या अँगलला ती टांगली.

पहिलं उत्तर झाडानं दुसऱ्याच दिवशी दिलं. संध्याकाळी खाली तोंड करून लावलेल्या रोपाचा शेंडा सकाळी आडवा झाला होता. आणखी दोन दिवसांत तो वळून आकाशाकडे बघायला लागला. बादलीच्या बुडाखाली हिरवा आकडाच तयार झाला म्हणा ना!

रोपाला वर कुठं आणि खाली कुठं हे कळतं कसं? 1806 साली टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायतदारानं बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला उगवतं बी बांधलं. चाक गरगर फिरत राहिलं तेव्हा मुळं बाहेरच्या दिशेनं गेली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. म्हणजे रोपाला वर-खाली कळतं ते उजेड किंवा मातीवरून नव्हे, तर ओढीवरून. आज त्यामागची यंत्रणाही ठाऊक आहे. मुळाच्या टोकातल्या आणि खोडातल्या काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात. रोप आडवं किंवा उलटं झालं की ते कण पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात. मग ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या अंगाला जास्त जमतं. खोडात त्यानं खालची बाजू जास्त वाढते आणि खोड वर वळतं. मुळात तेच संप्रेरक वाढ रोखतं, म्हणून मूळ खाली वळतं. थोडक्यात, आपण उलटी करतो ती लावणी. झाड काही उलटं होत नाही.

मुळांचंही तेच. हंगाम संपल्यावर बादली रिकामी केली तेव्हा मुळांचा दाट गुंता बुडाशी, भोकाच्या आसपास सापडला. वरच्या भागात तुरळक मुळं होती. वरची अर्धी बादली माती मी मुळांसाठी दिली असं समजत होते. झाडानं तिचा वापर केला तो पाण्याच्या टाकीसारखा.

ही कल्पना आपल्याकडे आली ती अमेरिकेतून. तिकडं 2000 नंतरच्या दशकात ‘टॉप्सी टर्व्ही’ नावाची टांगायची पिशवी टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे घरोघरी गेली. त्याआधीपासून लोक पाच गॅलनच्या बादल्या वापरतच होते. त्यांची कारणं खरी होती. टांगलेल्या झाडाला तण लागत नाही, जमिनीतले रोग आणि रोप कुरतडणाऱ्या अळ्या लांब राहतात, बांबू-तार-सुतळीचा खटाटोप वाचतो. पण प्रयोग उचलताना त्याच्याबरोबर ऊन आणि पाणी उचलून आणता येत नाही. ते आपल्या गावचंच वापरावं लागतं.

उन्हाचा हिशेब आधी करू. सगळ्यांना शंका येते की बादलीची सावली झाडावर पडणार. पडते, पण कधी? करमाळा साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्या वेळी झाड पूर्णपणे बादलीखाली असतं आणि पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना ती सावली उपकारच करते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. ऊन तिरपं येतं, बादलीखालून आत शिरतं. म्हणून गॅलरी दक्षिणेची असेल तर हिवाळ्यातला टांगलेला टोमॅटो मजेत असतो. उत्तरेच्या गॅलरीत पुदिना लावावा आणि गप्प बसावं.

तसाही आपला हंगाम हिवाळाच. ऑगस्टअखेर बी टाकायचं, सप्टेंबरच्या शेवटी रोप बादलीत बसवायचं, दिवाळीत फुलं, डिसेंबरपासून फळं. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढं गेलं की परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल देठापासून गळतं. तिशीच्या वर फळातला लाल रंगही नीट तयार होत नाही. उन्हाळ्यात टोमॅटो पिवळट-नारिंगी पिकतो तो म्हणूनच. तेव्हा ‘मार्चमध्ये लावू का?’ असं कुणी विचारलं, तर मी रोप विकत नाही.

आता पाणी. माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. करमाळ्यातल्या कमलाभवानीच्या दर्शनाला गेलेल्यानं तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहिलेली असते. पाण्यापर्यंत पोचायला इतकं उतरावं लागतं, हे ज्या गावानं दगडात बांधून ठेवलंय, तिथं पाणी सहज मिळतं असं धरून चालता येत नाही. तालुक्याच्या एका अंगाला उजनी धरणाचं बॅकवॉटर, त्यावर ऊस आणि कंदरची केळी. दुसऱ्या अंगाला सीना नदीकाठी पावसाची वाट बघणारी रानं. पेठेतल्या घरात तर नळाला पाणी आलं की आधी पिंप भरायचं, मग बाकीचं.

जमिनीतलं टोमॅटोचं झाड दोन दिवस पाण्यावाचून तग धरतं, कारण मुळं खोल जातात. टांगलेल्या बादलीला चारी बाजूंनी वारा आणि ऊन. भर बहरात माझं झाड दिवसाला दोन लिटर पाणी सहज प्यायचं आणि एक दिवस विसरलं की पानं मान टाकायची. विसरायचं आणि मग भरभरून ओतायचं, असं दोन-चारदा केलं, तर फळाचा बुडखा काळा पडतो. लोक त्याला रोग समजून औषध मागतात. खरं तर पाण्याच्या अशा ओढाताणीत फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून ते होतं. त्यातून रोप बुडाच्या भोकात असल्यामुळे ओतलेलं पाणी भोकातून खोडावर आणि पानांवर ओघळतं. ओल्या पानावर करपा बसतो. पहिल्या वर्षी माझी खालची निम्मी पानं त्यानंच गेली.

यावर तोड सुचली ती महादेवाच्या देवळात. उन्हाळ्यात पिंडीवर गळती लावतात. तांब्याच्या भांड्याच्या बुडाला बारीक छिद्र, त्यातून थेंब थेंब पाणी. पाण्याचा ताण असलेल्या मुलखात ठिबक सिंचनाचा हा नमुना डोळ्यांसमोर टांगलेला होता, मी मात्र पाइपांचे कॅटलॉग चाळत बसले होते. आता बादलीच्या तोंडाशी, मातीवर, छोटं मडकं ठेवते. बुडाच्या छिद्रात सुती वात घट्ट बसवलेली. सकाळी मडकं भरायचं. दिवसभर पाणी झिरपतं, खाली ओघळत नाही आणि माती वाफशावर राहते. मुळाला पाण्याइतकीच हवाही लागते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याच्याकडे वाफसा हा शब्दच आहे.

आता करायचं कसं, तेही सांगते. आपली काळी माती बादलीत भरू नये. भिजली की ती चिखल होते आणि वीस लिटरची बादली तीस किलोच्या पुढं जाते. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी पोयटा माती, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. वजनही निम्म्यावर येतं. तरी हूक स्लॅबमध्ये किंवा अँगलमध्येच हवा, पत्र्याच्या पट्टीला नको. भोकातून रोप घालताना खोडाभोवती काथ्या गुंडाळावा. सुरुवातीला बादलीचं झाकण लावून ती पालथी ठेवावी, म्हणजे रोप वरच्या बाजूला वाढेल. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरली की मग बादली सुलटी करून टांगावी. वाण चेरी टोमॅटोचाच घ्यावा. मोठ्या फळाच्या जाती शेतात उत्तम, पण टांगल्यावर फळांच्या ओझ्यानं वळणाशीच फांदी चिरते. माझी एक गेली.

फूल येतं, फळ धरत नाही, अशी तक्रार वरच्या मजल्यांवरून येते. टोमॅटोच्या फुलातले पराग नळीसारख्या कोशात असतात; फूल थरथरलं तरच ते सांडतात. भुंगा फुलाला लोंबकळून गुणगुणतो तेव्हा हेच काम होतं, साध्या मधमाशीला ते जमत नाही. टांगलेलं झाड वाऱ्यानं हलतं, हा त्याचा एक फायदा. वारा पडलेला असेल तर सकाळी फुलांच्या देठाला बोटानं टिचकी मारावी.

‘मग पैसे वाचतात का?’ 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरीच्या पार गेला तेव्हा माझ्याकडे दोन-दोन रोपांची रांग लागली होती. त्या रोपांना फळ येईपर्यंत भाव उतरला होता. एका बादलीतून मला हंगामात जेमतेम अडीच किलो चेरी टोमॅटो मिळाले. बादली, कोकोपीट, हूक धरले तर पहिल्या वर्षी बाजारच स्वस्त. हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

आणि दुसरंही एक सांगते. पूर्वी घरोघरी आढ्याला शिंकाळं असायचं, दूध-दही मांजरापासून लांब ठेवायला. त्या शिंकाळ्यात सरळ कुंडी ठेवून चेरी टोमॅटो लावला, तर वेल कडेवरून आपोआप खाली उतरतो. जागा तेवढीच वाचते, पाणी कमी लागतं, पानं कोरडी राहतात. दहांतल्या आठ जणांना मी हेच सुचवते. कमी जागेचा विचार आपल्याकडे नवा नाही. प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी दहा गुंठ्यांच्या शेतीचं गणित मांडलं तेव्हा, जमीन किती यापेक्षा पानावर ऊन किती पडतं हे मोजायला शिकवलं होतं. मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती ही मोजायची सवय.

मग उलटी बादली कुणासाठी? ती मोबाइलवाली बाई पुन्हा आली तेव्हा मी तिला शिंकाळ्याचंच सांगितलं. ती म्हणाली, “ताई, आमच्या बोळात शेळ्या मोकळ्या असतात. गॅलरीला टेकून उभ्या राहतात, लोंबलेलं सगळं खातात.” मी विचारात पडले. उलट्या बादलीतलं झाड खाली लोंबतं खरं, पण शेंडा वर वळतो. बादली आढ्याला लावली तर सगळी वाढ डोक्याच्या वरच राहते. शिंकाळ्यातला वेल मात्र खाली उतरतच जातो. तिच्या बोळात, तिच्या शेळ्यांपुढं, उलटी बादलीच बरोबर होती. मी तिला दोन रोपं आणि एक मडकं दिलं.

पहिल्या वर्षीच्या बादलीतलं खोड मी टाकलं नाही. वाळल्यावरही त्याचं वळण तसंच राहिलंय, एखाद्या हुकासारखं, आणि त्याच वळणानं ते शेडमधल्या खिळ्याला अडकून असतं. कुणी उलट्या टोमॅटोचं विचारलं की मी ते काढून हातात देते आणि म्हणते, “याची मुळाची बाजू कुठली आणि शेंड्याची कुठली, ओळखा.” बहुतेक जण दोन्ही टोकं निरखतात आणि बुचकळ्यात पडतात. परवा ते ट्रेवाले आजोबा आले होते. त्यांनी खोड एकदाच फिरवून बघितलं, जाड टोकावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “हितनं पाणी घातलंया. दुसरं टोक त्याचं त्यानं शोधलंय.”