आधी मागचं टेबल

सिन्नर

चि. भाच्यास,


तुझा फोन ठेवला आणि ठरवलं, हे लिहूनच पाठवावं. फोनवर ऐकलेलं मशीनसमोर उभं राहिल्यावर आठवत नाही. कागद भिंतीला लावून ठेवता येतो. जुनी बारा इंची रंधा मशीन घेतलीस, पात्यांना धार लावून आणलीस आणि डायल गेज लावून तिन्ही पाती त्यांना धरणाऱ्या फिरत्या ब्लॉकच्या अंगापासून सारखी वर काढलीस. तरी फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतोच, असं तुझं म्हणणं. माळेगावच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाचा हात आधी डायलकडेच जाणार. माप तू चोख घेतलंस, पण भलत्या जागेपासून घेतलंस.

हातरंधा उलटा धरून बघ. तळ एकच, सलग. त्यातून पातं केसभर बाहेर आलेलं. पाचर ठोकायची, एक डोळा मिटून तळावरून नजर टाकायची, एक कोपरा वर दिसला तर बाजूने हलकी टिचकी द्यायची. पातं तळाशी जुळलं की झालं. मशीन म्हणजे हाच रंधा उलटा टाकलेला, फक्त त्याचा तळ दोन तुकड्यांत कापलेला आहे. लाकूड आत जातं ते पुढचं टेबल, तासून बाहेर येतं ते मागचं. पुढचं टेबल जितकं खाली, तितकं लाकूड निघणार. मागच्या टेबलाला मात्र एकच जागा: पातं फिरताना सर्वांत वर जिथे येतं, त्या उंचीला. ताजी तासलेली बाजू त्याच्यावरच टेकून पुढे सरकते, म्हणून सगळ्या मापांचा उगम तिथे. ब्लॉकचं अंग पात्यांना धरून ठेवायला आहे. ब्लॉक टेबलाशी समांतर असेलच याची जुन्या मशीनमध्ये खात्री नसते, आणि लाकूड ब्लॉकला कधी टेकतही नाही.

आता तुझा खड्डा. मागचं टेबल पात्यापेक्षा खाली असेल, तर फळीचं शेपूट पुढच्या टेबलावरून सुटताच फळी खाली बसते आणि शेवटचा भाग जास्त तासला जातो. टेबल वर असेल तर उलटं: फळीचं तोंड टेबलाच्या कडेला अडतं, किंवा थोडंसंच वर असेल तर फळी हळूहळू उचलली जाते आणि तासणं कमी कमी होत जातं. तुझं टेबल खाली आहे. पण ते आज उचलू नकोस; आधी पाती त्याच्याशी समांतर कर.

क्रम असा ठेव. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढ. एका वेळी एकच पातं सोडव. खोबणीत डिंक आणि भुसा चिकटून दगड झालेला असतो. रॉकेलने आणि ब्रशने ती स्वच्छ कर, नाहीतर पातं बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच फेरीत सरकतं. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिलिमीटर राहू दे, जास्त नको. बोल्ट आधी हलके आवळ, मधल्यापासून टोकांकडे. पूर्ण आवळताना पातं थोडं वर येतंच, म्हणून शेवटच्या आवळणीनंतर पुन्हा तपास. खाली बसवायचं तर लाकडी ठोकळ्याने ठोक, धारेवर लोखंड लावू नकोस.

तपासायला डायल ठेव बाजूला. सरळ, रंधलेली लाकडाची फूटभर पट्टी घे. ती मागच्या टेबलावर अशी ठेव की पुढचं टोक ब्लॉकच्या पलीकडे जाईल. टेबलाच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलची रेघ मार. ब्लॉक पुलीने, हाताने, चालतो त्याच दिशेला सावकाश फिरव. पातं पट्टीला पकडून थोडं ओढतं आणि सोडतं. आता कडेशी दुसरी रेघ मार. दोन रेघांमधलं अंतर पात्याच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला सारखं आलं पाहिजे, आणि तिन्ही पात्यांचं आपसातही.

ही सुताराची ढोबळ युक्ती वाटेल, म्हणून हिशेब देतो. ब्लॉकचा धारेपर्यंतचा व्यास १०० मिलिमीटर धर. पातं टेबलापेक्षा दोन शतांश, म्हणजे ०.०२ मिलिमीटर वर असेल, तर पट्टी सुमारे २.८ मिलिमीटर सरकते. पाच शतांश वर असेल, तर जवळपास ४.५. तीन शतांशांचा फरक डोळ्यांसमोर दीड मिलिमीटरहून मोठा होऊन उभा राहतो. डायलचा पाय, त्याचा स्टँड, धारेचा नेमका माथा शोधणं, यांपैकी काहीच लागत नाही, आणि माप थेट मागच्या टेबलापासून मिळतं. तिन्ही पाती एकसारखी झाली की मग टेबल उचल, पट्टी सगळीकडे तीनेक मिलिमीटर सरकेल इतकं, आणि तिथेच लॉक कर. मग दोन फळ्यांच्या कडा मारून एकीवर एक उभ्या धर आणि खिडकीकडे बघ. फटीतून उजेड आला नाही की पुरे.

तू म्हणशील, दोन शतांशांवर का थांबायचं? ब्लॉक मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर तीन पाती १५,००० काप घेतात. मिनिटाला पाच मीटरने फळी ढकललीस, तर काप एक तृतीयांश मिलिमीटरवर पडतात. एक पातं जरा वर असलं की शेवटचा हात त्याचाच, आणि खुणा एकेक मिलिमीटरवर. पण तिन्ही पात्यांच्या खुणा उमटायला दोन-तीन मायक्रॉनची जुळणी लागते. हाताने बसवून ती येत नाही. मोठ्या कारखान्यांत फिरत्या पात्यांवर दगड लावून ती साधतात. आपण तसलं काही करायचं नाही. एक मिलिमीटरवरच्या खुणेची लाट मिलिमीटरच्या हजारात अडीच भाग खोल असते. सँडपेपरच्या पहिल्या हातात ती जाते.

आणि लाकूड काही लोखंड नव्हे. सागाची सहा इंची, आडवी चिरलेली फळी घे. तिच्यातला ओलावा मे महिन्यापासून श्रावणापर्यंत चार टक्क्यांनी वाढला, तर ती रुंदीत साधारण एक मिलिमीटर फुगते. आपण ज्या शतांशांसाठी रात्र जागवतो, त्यांच्या पन्नास पट ती स्वतःच हलते. कडा सरळ आणि पीळ नाही, एवढं मशीनकडून घ्यायचं.

मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांना पॅकिंगची खोकी लागतात. त्या खोक्यांना पाती कशीही बसवली तरी चालतं, खिळे सगळं झाकतात. तू जेवणाच्या टेबलाच्या फळ्या चिकटवणार आहेस, तिथे झाकायला काही नाही. पुढच्या वेळी आलास की गोंदेश्वराच्या देवळात जाऊ. यादवांच्या काळातलं ते पंचायतन बघताना माणसं शिखर आणि नक्षी बघतात. तू दोन थरांमधला सांधा बघ. दगड असो की लाकूड, आधी एक बाजू खरी करायची आणि बाकीच्या तिच्यावरून घ्यायच्या. पाती बसवणं म्हणजे ती पहिली बाजू मिळायची सोय.

जुन्या वाड्यांचं सागवान घेतोस असं ऐकलं. प्रत्येक नगावर लोहचुंबक फिरव. मोडका खिळा नवी धार एका क्षणात खातो. सागात सिलिका असते, त्यामुळे खिळा नसतानाही धार लवकर जाते. पात्याला बारीक दात पडला तर लाकडावर रेघ उठते. तेव्हा एकच पातं आडवं थोडं सरकव, दुसरं पातं ती रेघ पुसून टाकेल.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. पूर्वी या मशीनचे ब्लॉक चौकोनी असत आणि टेबलाशी रुंद फट राहायची. त्या फटीने पुष्कळांची बोटं नेली. कारखाना अधिनियम, १९४८ खालच्या राज्यांच्या नियमांत हाताने लाकूड ढकलायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक आणि फटीवर गार्ड हवा, असं सांगितलेलं होतं. तुझा ब्लॉक गोल आहे, ते ठीक. गार्डबद्दल तू फोनवर काही बोलला नाहीस, म्हणजे तो नसणार. जुन्या मालकाकडे पडला असेल तर माग, नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घे. फूटभरापेक्षा लहान तुकडा या मशीनवर घालू नकोस, पातळ लाकूड ठोकळ्याने ढकल, हातमोजे घालू नकोस. पाती आठवडाभर उशिरा बसली तरी चालेल, पण गार्ड बसल्याशिवाय मशीन सुरू करू नकोस.

तुझा,
मामा