ओरिजिनलचा हट्ट

पार्ट घ्यायचा तर कंपनीचाच, यावरून मी मित्रांशी भांडलेलो आहे. या हट्टाचं मूळ कराडला आहे. मामांकडे टाटा 1210 होता. त्याचं काही मोडलं की मामा लेथवाल्याकडून ते करून आणायचे. चालायचं ते, पण पुढचा घाट निघेल याची खात्री त्यांनाही नसायची. पुढे इंजिनिअर होऊन इलिनॉयमधल्या पिओरियाला आलो, आणि पार्ट नंबर सांगितला की नेमका तोच भाग खोक्यातून हातात पडतो, याचं मला कोण अप्रूप वाटलं!

माझी पिकअप 1997 ची, 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन. इथे तिला ट्रक म्हणतात. मामांनी फोटो पाहून "हा ट्रक होय रे?" एवढंच विचारलं.

या इंजिनाचं तेल फिल्टरच्या बैठकीतून एका नळीने रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत जातं, तिथल्या कूलरमधून निवून दुसऱ्या नळीने परत येतं. दोन्ही नळ्यांची टोकं धातूची, मधला तुकडा रबराचा, आणि जोडावर दाबून बसवलेली धातूची टोपी, म्हणजे क्रिम्प. उष्णतेने रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, टोपीची पकड ढिली पडते आणि तेल पाझरू लागतं. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंडी भाग खातं. चालत्या गाडीत वारा हे तेल मागे उडवतो, म्हणून संशय जातो क्रँकच्या मागच्या सीलवर. मलाही एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला होता. तेलात चमकणारा रंग घालून जांभळ्या टॉर्चने खालून पाहिलं, तर सील कोरडं आणि खालच्या नळीच्या टोपीभोवती हिरवट-पिवळं कडं.

ही गळती थेंबांवर भागेल असं धरून चालता येत नाही. पंपाचं तेल याच वाटेने फिरतं, आणि इंजिनात ते जेमतेम पावणेपाच लिटर. नळी टोपीतून निसटली, तर तेलाचा दिवा लागून गाडी कडेला घेईपर्यंत बेअरिंगांचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मी अर्थातच ओरिजिनल नळ्या आणून बसवल्या. काही हिवाळ्यांनंतर त्याही पाझरल्या, त्याच जागी. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की मी जे निष्ठेने विकत घेतोय तो जोडाचा तोच जुना प्रकार आहे, फक्त नव्या खोक्यात.

कूलरच काढून टाका, असंही लोक सांगतात. नसलेली नळी गळत नाही, हे खरंच. पण उन्हाळ्यात मागे ट्रेलर लावून चढ चढताना कूलर लागतो, आणि थंडीत तोच उलटं काम करतो: रेडिएटरचं पाणी तेलाआधी तापतं आणि तेलाला ऊब देतं. इलिनॉयच्या जानेवारीत हे सोडवत नाही.

मग गेलो मक्याच्या शेतांमधल्या एका गावी, ट्रॅक्टर आणि लोडरचे होज पाईप करून देणाऱ्या दुकानात. मनात कराडचा लेथवाला होताच. मला वाटलं, हजारो पाउंड दाब सोसणारा पाईप मागितला की झालं. इंजिनातलं तेल चालताना साधारण 40 ते 60 पाउंडांवर असतं. काउंटरवरच्या माणसाने दाबाचं विचारलंच नाही. म्हणाला, तेल किती तापतं? नेहमीचा दोन जाळ्यांचा हायड्रॉलिक पाईप 100 अंश सेल्सिअसपर्यंतचा, आणि ओझं ओढणाऱ्या इंजिनाचं तेल त्याच्या वर सहज जातं. त्याने आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची जाळी असलेला पाईप काढला, 200 अंशांपर्यंतचा. फिटिंग चढवलं, तक्त्यात बघून डाय लावले, मशीनने दाबलं, आणि टोपीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने तपासून मगच पाईप माझ्या हातात दिला. तक्ता, डाय, कॅलिपर! लेथवाल्याकडे नजर होती, हात होता, हे नव्हतं.

बसवताना दोन्ही टोकांच्या क्लिपच्या जोडांऐवजी 37 अंशांच्या तोंडाचे, आट्यांचे जोड घातले. रेडिएटरकडे दोन पाने लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. नाहीतर टाकीतलं फिटिंगच पिळलं जातं. स्टीलची जाळी ज्याला घासेल त्याला कानशीसारखी खाते, म्हणून स्टीअरिंग बॉक्सजवळ रबरी अस्तराच्या क्लॅम्पांनी पाईप लांब धरला. टेफ्लॉनला आखूड वळण चालत नाही, मुडपतं. त्यामुळे खालची नळी जरा लांबच करून घ्यावी लागली.

आता मी सगळंच करून घेतो असं नाही. सेन्सर आणि थर्मोस्टॅट अजून कंपनीचेच लागतात, कारण त्यांचं आतलं काम मला तपासता येत नाही. आणि ब्रेकच्या होजचं त्याच दुकानात विचारलं, तर माणसाने वर न बघता मान हलवली. इथे त्याला वेगळं सरकारी मानक आहे, ते आमचं काम नव्हे, म्हणाला. त्या उत्तरानंतर गळक्या पॉवर स्टीअरिंगचा पाईपही मी त्याच्याकडेच टाकला.