सदरा कुणाचा, ऐट कुणाची

कवितेच्या जागी ह्या वेळी कपड्यांवर लिहितोय. काहीजण हसतील. म्हणतील, चळवळीचं सोडून ह्या गिरणीवाल्याला फ्रान्सची फॅशन कुठनं सुचली? हसा. पण मी कापड विणतो. बारा तासांची पाळी, आठ माग, कानात कापूस. ताणा माझ्या डोळ्यांपुढनं जातो, बाणा माझ्या डोळ्यांपुढनं जातो. विणलेल्या कापडाचं पुढं काय होतं, ते कुणाच्या अंगावर चढतं आणि चढल्यावर त्याला कोण 'साहेब' म्हणतं, हे विचारायचा हक्क माझा नाही तर कुणाचा?

सध्या मोबाईलवर एक नवं खूळ आहे. 'फ्रेंच स्टाइल'. म्हणे कपडे थोडे ठेवा, पण असे ठेवा की वीस वर्षं जुने वाटणार नाहीत. पांढरा सदरा, निळं जाकीट, सरळ पायाची पँट, आडव्या पट्ट्यांचा बनियनसारखा टीशर्ट, एखादा काळा कपडा. रंग चारच. भपका नको. आणि मुख्य म्हणजे, कपडे घालायला काही कष्ट घेतलेत असं दिसता कामा नये. सहज. विनासायास. पॅरिसची माणसं म्हणे अशीच असतात.

आमच्या पाळीतला एक पोरगा हे बघून बघून वेडा झाला. पगार हातात येतो तेरा-चौदा हजार, आणि त्यानं हप्त्यावर एक निळं जाकीट घेतलं. मला दाखवायला आणलं. मी सवयीनं आधी कापड बघितलं. दाट विणीचं सुती ट्विल. तीन खिसे, पुढं बटणं. म्हटलं, गड्या, हे तर खात्यातल्या फिटरचं जाकीट. तो रागावला. म्हणाला, "दादा, हे फ्रेंच आहे."

दोघांचंही खरं होतं. म्हणून म्हटलं, ही फ्रेंच स्टाइल एकदा शिवणीशिवणीनं उसवून बघू.

निळ्या जाकिटापासनं सुरुवात करू. फ्रान्समध्ये त्याला 'ब्ल्यू द त्राव्हाय' म्हणतात. म्हणजे सरळ सरळ 'कामाचा निळा'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यातल्या, रेल्वेतल्या कामगारांचा हा पोशाख. कापड जाड, ड्रिल किंवा मोलस्किन नावाचं घट्ट विणीचं. ठिणगी उडाली, तेल सांडलं तरी टिकावं म्हणून जाड. मळ दिसू नये म्हणून निळा. हत्यारं राहावीत म्हणून खिसे बाहेरनं शिवलेले. ह्यातली एकही गोष्ट ऐटीसाठी नव्हती. धुऊन धुऊन ते विटायचं, कोपराला ठिगळ लागायचं. आज तेच विटलेलं, ठिगळाचं जाकीट जुन्या कपड्यांच्या दुकानात महाग मिळतं, कारण ते 'खरं' आहे. ज्याच्या घामानं ते खरं झालं त्याचं नाव मात्र खिशावर नाही.

न्यूयॉर्कला बिल कनिंगहॅम नावाचा फोटोग्राफर होता. २०१६ ला वारला. रस्त्यावरच्या माणसांचे कपडे टिपण्यात त्यानं आयुष्य घालवलं. फॅशनच्या जगातले बडे त्याच्या कॅमेऱ्यासाठी नटायचे. आणि तो स्वतः काय घालायचा? पॅरिसच्या झाडूवाल्यांचं निळं जाकीट. तिथल्या एका मोठ्या दुकानात ते स्वस्तात मिळायचं. पावसाळी कोट फाटला तर चिकटपट्टी लावायचा. हा माणूस मला आवडला. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यानं झाडूवाल्याचं जाकीट घातलं तेव्हा जगानं त्याला साधा, थोर म्हटलं. झाडूवाल्यानं तेच घातलं तेव्हा त्याला फक्त झाडूवाला म्हटलं. कापड एकच. फरक एवढाच की एकाला निवड होती, दुसऱ्याला नव्हती.

आता पट्ट्यांचा टीशर्ट. तो खलाशांचा. २७ मार्च १८५८ ला फ्रेंच नौदलानं हुकूम काढून खलाशांच्या आतल्या बनियनचं माप ठरवलं. अंगावर पांढरे पट्टे २१, प्रत्येक २० मिलिमीटर रुंद. मधले निळे पट्टे १० मिलिमीटर. शिपायाच्या आतल्या कपड्याचा पट्टासुद्धा सरकार मोजतं! पुढं हाच बनियन १९८३ ला ज्याँ पॉल गोतिएनं फॅशनच्या मंचावर चढवला. त्याच्या आधी, २९ जानेवारी १९६२ ला, इव्ह सँ लोराँनं स्वतःच्या नावाचं पहिलं प्रदर्शन भरवलं, त्याची सुरुवातच खलाशाच्या जाड आखूड कोटानं केली.

तिसरी, कोको शॅनेल. हिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जन्म १८८३, सोम्यूर गावच्या धर्मादाय आसऱ्यात. आई कपडे धुणारी, बाप फिरता विक्रेता. आई मेल्यावर पोरगी जोगिणींच्या अनाथालयात वाढली. पुढं तिनं जर्सी हे कापड हातात घेतलं. तोवर ते मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं कापड, हलकं मानलेलं. त्याचे तिनं श्रीमंत बायकांचे कपडे शिवले. बायकांची अंगं आवळणाऱ्या चोळ्यांतनं सुटली. हे तिचं देणं आहे, ते नाकारू नये.

पण पुढचंही वाचा. १९३६ च्या जून महिन्यात फ्रान्सभर संप पेटले. शॅनेलच्या कामगार बायकांनीही संप केला आणि मालकिणीलाच तिच्या दुकानाच्या दारात अडवलं. त्या संपांतनं फ्रेंच कामगारांना आठवड्याला ४० तासांचं काम आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली. आणि १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसात तिनं ज्यूंची मालमत्ता काढून घेणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन आपल्या ज्यू भागीदारांकडनं अत्तराची कंपनी हिसकायचा प्रयत्न केला. गरिबीतनं आलेला माणूस आपोआप गरिबांचा होत नाही. हे आपल्याला नवं नाही. आपल्यातलेही काही पाहिलेत.

चौथी गोष्ट, पँट. ती तर राज्यक्रांतीतनं आली. फ्रान्सचे उमराव गुडघ्यापर्यंतची तंग विजार घालायचे, तिचं नाव 'क्युलॉत'. पॅरिसचे कारागीर, हमाल, दुकानदार लांब, सैल पँट घालायचे. म्हणून त्यांना 'साँ-क्युलॉत' म्हणत. क्युलॉत नसलेले. ह्यांना ती नाही, एवढीच त्यांची ओळख. त्यांनी ते नाव निशाण केलं. १७८९ च्या मे महिन्यात व्हर्सायला तीन वर्गांची सभा भरली तेव्हा पोशाखही वरनं ठरवून आले होते. उमरावांना सोन्याचं भरतकाम आणि टोपीला पिसं, सामान्यांच्या प्रतिनिधींना साधे काळे कपडे. दारातच कळावं कोण कोण आहे ते. २९ ऑक्टोबर १७९३ ला क्रांतीच्या सभेनं ठराव केला : कुणीही कुणाला अमुकच पोशाख घाल म्हणून सक्ती करू शकत नाही.

वाक्याला शेपूटही होतं. आपापल्या स्त्री-पुरुष जातीचा पोशाख, अशी अट. ते शेपूट बायकांच्या गळ्याला लागलं. ७ नोव्हेंबर १८०० ला पॅरिसच्या पोलिसप्रमुखानं हुकूम काढला, बाईला पुरुषासारखे कपडे घालायचे तर पोलिसांचा परवाना पाहिजे. रोझा बोन्योर ही थोर चित्रकार. घोड्यांच्या बाजारात, खाटीकखान्यात चित्रं काढायला जायची. तिला १८५७ ला पँटसाठी सहा महिन्यांचा परवाना काढावा लागला. १८९२ आणि १९०९ ला सवलत मिळाली : बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. हा हुकूम आता गैरलागू आहे, असं फ्रान्सच्या मंत्री नजात वालो-बेल्कासेम ह्यांनी जाहीर केलं ते ३१ जानेवारी २०१३ ला. म्हणजे ज्या सहज ऐटीचं जग कौतुक करतं, त्या पँटवाल्या फ्रेंच बाईच्या पायाखाली दोनशे वर्षांचा हुकूम होता.

आणि जीन? तिचं कापड डेनिम. नाव फ्रान्सच्या नीम गावावरनं आलं असं सांगतात. पण कामगारांच्या 'डंगरी'चं नाव कुठलं, ठाऊक आहे? मुंबईच्या डोंगरीचं. तिथं विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड, तेच नाव इंग्रजांच्या जिभेवर गेलं.

मी रोज ज्याला 'जेकार्ड, जेकार्ड' म्हणून शिव्या घालतो, तेही एका माणसाचं आडनाव. जोसेफ मारी जाकार, फ्रान्समधल्या लिओं शहराचा, विणकराचा पोरगा. १८०४ च्या सुमारास त्यानं भोकांच्या पत्त्यांवर नक्षी विणणारं यंत्र बसवलं. त्याच लिओंचे रेशीम विणकर १८३१ च्या नोव्हेंबरात उठले. मागणी एवढीच, मजुरीचा दर ठरवून द्या. काही दिवस शहर विणकरांच्या हातात होतं. मग सैन्य आलं. १८३४ ला पुन्हा उठले, पुन्हा चिरडले. फ्रेंच रेशमाची गोष्ट सांगणारे हे सांगत नाहीत.

आता बघा काय उरलं. फिटरचं जाकीट, खलाशाचं बनियन, बनियनचं कापड, हमालाची पँट, कामगाराची डेनिम. ह्यालाच 'कालातीत' म्हणतात. कालातीत का? कारण ते फॅशनसाठी बनलंच नव्हतं. कामासाठी बनलं होतं, आणि काम कधी जुनं होत नाही. आणि 'विनासायास'? पांढरा सदरा पांढरा राहतो तो कुणाच्या तरी हातांनी. शॅनेलची आई तेच करून मेली. माझी आईही लोकांची धुणी धुते. तिच्या बोटांना विचारा विनासायास म्हणजे काय.

एका शहरात मला कवितेला बोलावलं होतं. मी पांढरा सदरा, काळी पँट, पॉलिश केलेले बूट घालून गेलो. सदरा मीच धुतलेला, इस्त्री मीच केलेली. कार्यक्रम झाल्यावर एक विद्वान गृहस्थ प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही कवितेतल्यासारखे दिसत नाही हो." त्यांना फाटका पाहिजे होता. माझं दुःख त्यांना कागदावर पटलं, अंगावरही दिसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "सर, फाटकं आमच्या मर्जीनं नव्हतं. हे आमच्या मर्जीचं आहे." ते हसले. मी नाही हसलो.

कारण आपला हिशोब वेगळा आहे. मनुस्मृतीनं चांडाळाचं कपाट कधीच ठरवून ठेवलं होतं : मेलेल्याच्या अंगावरचं वस्त्र. तेच पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच सभेची आठवण काढली, आपल्या सभेची तिच्याशी तुलना केली. आणि तिथंच त्यांनी बायकांना सांगितलं, ज्या नेसण्यावरनं आणि ज्या दागिन्यांवरनं तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ते नेसणं, ते दागिने सोडा. आयाबायांनी सोडले. हा फॅशनचा सल्ला नव्हता. दारातच माणूस ओळखायची जी खूण, ती पुसायची होती. पुढं ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर त्यांनी सांगितलंच, की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीकडनं घेतली नाही, माझ्या गुरूकडनं, बुद्धाकडनं घेतली. मी म्हणतो, कपड्याचंही तसंच. फ्रान्सकडनं शिकावं, उधार घेऊ नये.

म्हणून आमच्या त्या पोराला जे सांगितलं तेच इथं लिहितो. विणकर म्हणून सांगतो, तेवढं तरी ऐका.

दोन पांढरे सदरे, सुती पॉपलीनचे. दोन सरळ पँटी, एक निळी, एक काळी, ट्विलच्या. एक निळं जाकीट. एक पट्ट्यांचा टीशर्ट, आवडत असेल तर. बुटांचा एक जोड, पण चामड्याचा आणि तळवा बदलता येईल असा. बास. पॅरिसचा लोकरी ओव्हरकोट इथं घालून घामोळं वाढवू नका. पोरींनीही हेच, आणि खिसे मागून घ्या. शिंप्याला सांगायला लाजू नका.

कापड उजेडापुढं धरा. चाळणीसारखं दिसलं तर सोडा. नखानं घासा, पांढरी भुकटी पडली तर ती खळ आहे, पहिल्या धुण्यात जाईल आणि कापड मरगळेल. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, आटायचं ते आटू द्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. फ्रेंच ऐटीचं निम्मं गुपित एवढंच आहे : कपडा अंगाच्या मापाचा. तो महाग दुकानात मिळत नाही, गल्लीतल्या शिंप्याकडं मिळतो. फाटलं तर शिवा. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासनं कपडे दुरुस्त करणाऱ्याला ६ ते २५ युरोंची सूट द्यायची योजना सुरू झाली. आपल्या आया हे विनाअनुदान करत आल्यात.

आणि हप्त्यावर कपडा घेऊ नका. हप्त्याचं जाकीट सावकाराचं असतं, आपण फक्त ते वाहतो. उरलेले पैसे पुस्तकाला लावा, बहिणीच्या फीला लावा, युनियनच्या वर्गणीला लावा.

तुमच्या अंगावर स्वच्छ, नीट बसलेला सदरा बघून अजूनही काहीजणांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. त्या आठ्यांना इस्त्री करायचं काम आपलं नाही. त्या पोरानं जाकीट परत केलं. आता त्याच्यासाठी आम्ही पाचजण मिळून ट्विलचा एक तागा घेतोय, पाच जाकिटं होतील. शिवणारी माझी आत्या आहे. मजुरी तिनं ठरवली, आम्ही घासाघीस केली नाही.