कोणासाठी?

रविवारची मिस्सा आटोपली होती. चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणे चारचौघांशी बोलत उभा होतो, तोच आमच्या आळीतील एक भगिनी आपल्या लेकीला घेऊन पुढे आल्या. लेक नुकतीच बारावी झालेली. "दादा, हिला डिझाइन शिकायचे आहे. चित्रे बरी काढते, नाही म्हणत नाही. पण त्यावर पोट भरते का, एवढे तुम्ही खरे सांगा. तुमचा जन्म त्यात गेला." मुलगी मान खाली घालून उभी होती. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

उत्तर मला येत नव्हते असे नाही. पण नेमका हाच प्रश्न माझ्या वडिलांनी १९७८ साली विचारला होता, आणि त्याचे खरे उत्तर मिळायला मला चौदा वर्षे लागली होती. ती हकीकत सांगितल्यावाचून उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना. म्हणून तिला जे सांगितले, तेच आज येथे लिहीत आहे. आपल्या अनेक घरांत हा प्रश्न आता विचारला जात असेल.

आमचे घर वसईतले, वाडीवर जगणारे. बाबा केळी, भाजी आणि थोडी फुले करीत. आई पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन दादरला जाई. बाबांच्या मते शिकलेल्या मुलासमोर दोनच वाटा होत्या, बँक किंवा सरकारी कचेरी. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालो, तेव्हा त्यांना कौतुक वाटले होते. पण त्याच बळावर मी सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत जायचे म्हणालो, तेव्हा ते गप्प झाले. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "चित्र विकत घेणारा माणूस आपल्या गावात मी अजून पाहिला नाही." अखेर आईने गाठीला बांधून ठेवलेल्या पैशांतून माझी पहिली फी भरली गेली.

पाच वर्षे मी चर्चगेटला उतरून, आझाद मैदान ओलांडून त्या झाडांच्या आवारात गेलो. बोरूने देवनागरी अक्षरांची वळणे गिरवली, पोस्टर कलरने कागद सारखा कसा रंगवावा हे शिकलो, जाहिराती केल्या, पुस्तकांची मुखपृष्ठे केली. संस्थेच्या नावातला 'उपयोजित' हा शब्द मी रोज वाचत होतो. उपयोगासाठी योजलेली, असा त्याचा सरळ अर्थ. पण त्या वयात माझे लक्ष 'कला' या शब्दावर होते. 'उपयोजित' कडे मी पाहिलेच नाही.

१९८३ साली कामाच्या शोधात फोर्टातल्या एका स्टुडिओत गेलो. काखेत भली मोठी फाइल, तीत माझी चाळीस चित्रे. तेथील आर्ट डायरेक्टर वयस्क गृहस्थ होते. त्यांनी एकेक कागद शांतपणे उलटला. शेवटी एका मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारले, "हे कोणासाठी?" मी म्हटले, "परीक्षेसाठी, सर." ते हसले. "तसे नव्हे. हे पुस्तक कोण हातात घेणार? दुकानात किती अंतरावरून पाहणार? त्याचा चष्मा असेल का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरीही त्यांनी मला ठेवून घेतले, पण पेस्ट-अपच्या टेबलावर. छापून आलेल्या ब्रोमाइडवरची अक्षरे ब्लेडने कापायची, रबर सोल्युशन लावायचे आणि रेषेला रेष जुळवून चिकटवायची. हात स्वच्छ होता, म्हणून दोनतीन वर्षांत मी स्वतंत्र कामे करू लागलो. दर महिन्याला घरी पैसे येऊ लागले. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. आपण जिंकलो, असे मला वाटले.

आता जे सांगायचे आहे, ते आजही सहज सांगता येत नाही.

१९९० च्या सुमारास औषधांच्या एका कंपनीचे काम स्टुडिओकडे आले. गोळ्यांच्या पट्ट्या आणि खोकी, अशी एक पूर्ण मालिका करायची होती. ती माझ्याकडे आली. मी सर्वांना एकच निळा रंग दिला, एकच मांडणी दिली; सारी भावंडे शेजारी ठेवली की एका घरची दिसावीत. गोळीची मात्रा सांगणारा आकडा मोठा केला की मांडणी बिघडे, म्हणून तो बारीक अक्षरात कोपऱ्यात नेला. काम सर्वांना आवडले. कंपनीकडूनही कोणी हरकत घेतली नाही. ते खोके मी कित्येक दिवस माझ्या टेबलावर मांडून ठेवले होते.

१९९२ च्या पावसाळ्यात बाबा वाडीत, बावखलाच्या काठावर, चक्कर येऊन पडले. नशिबाने शेजारच्या वाडीतला माणूस जवळ होता, म्हणून ते पाण्यात गेले नाहीत. रक्तदाब फार उतरला होता. डॉक्टरांनी आदल्याच महिन्यात त्यांची गोळी शंभरवरून पन्नासवर आणली होती. मी घरी पोचलो, तेव्हा आईने त्यांच्या औषधांचा डबा माझ्यापुढे ठेवला. डब्यात दोन पट्ट्या होत्या. एक जुनी, शंभरची. दुसरी नवी, पन्नासची. दोन्ही निळ्या. दोन्ही माझ्या.

बाबा मराठी चौथी शिकलेले. पट्टीवरील अक्षरे इंग्रजी. ते औषध रंगावरून ओळखत. आणि मी तर दोघींना एकच रंग दिला होता. आकडा वाचता आला असता, तर तोही त्यांच्या मोतीबिंदूला दिसला नसता. मांडणी बिघडू नये म्हणून मीच तो लहान केला होता.

बाबा सावरले. ती पट्टी मी केली होती, हे मी त्यांना आठ दिवसांनी सांगितले. ते बराच वेळ पट्टी हातात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "दिसायला छान आहे रे." त्यांनी रागावायला हवे होते. मी रडलो तो त्या चार शब्दांनी. नऊ वर्षांपूर्वी फोर्टात विचारलेला प्रश्न मला त्या खाटेपाशी कळला. मी स्टुडिओत परत जाऊन आर्ट डायरेक्टरांना सारे सांगितले. त्यांच्या खटपटीने पुढल्या छपाईत मात्रेप्रमाणे रंग निराळे झाले आणि आकडा ठळक झाला. मालिका पहिल्याइतकी देखणी राहिली नाही. मला ती अधिक आवडली.

यानंतर सारे सुरळीत झाले असते, तर ही गोष्ट बोधकथेसारखी येथेच संपली असती. पण १९९४ साली स्टुडिओत संगणक आला. ज्या पेस्ट-अपला मला दिवस लागे, ते तासाभरात होऊ लागले. पुढल्या वर्षी आम्हा तिघांना निरोप मिळाला. तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो, घरात दोन लहान मुले होती. वसईतच एका डीटीपीच्या वर्गात नाव घातले. शेजारी दहावी झालेली पोरे, शिकविणारा बावीस वर्षांचा. माऊस हातात धरताना माझी बोटे थरथरत. बोरू न डगमगता चालविणारी हीच बोटे, याची लाज वाटे.

पहिले स्वतंत्र काम मिळाले ते गावच्या पतपेढीचे. पैसे काढण्याची पावती नव्याने छापायची होती. पूर्वीचा मी असतो, तर घरी बसून सुरेख पावती करून दिली असती. या वेळी तीन दिवस पतपेढीच्या बाकावर बसून राहिलो. म्हातारी माणसे नेमकी एकाच रकान्यापाशी अडत, शेजारच्याला विचारीत, कागद फाडून नवा मागत. तो रकाना मी वर घेतला, चौकटी मोठ्या केल्या आणि शब्द बोलण्यातले वापरले. फाटलेल्या पावत्यांची टोपली रिकामी राहू लागली, तेव्हा कारकुनाने आपण होऊन दुसऱ्या पतपेढीला माझे नाव सांगितले. मग शाळेचे प्रवेशपत्र आले, दवाखान्यातील पाट्या आल्या. माझा व्यवसाय असा, एका कामाच्या बोटाला धरून दुसऱ्या कामापर्यंत चालत गेला.

ही दृष्टी काही परकी नव्हे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. त्यांनी जो अहवाल लिहिला, त्यात सर्वाधिक गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. त्यात पाणी किती मावते, तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, ओतताना धार कशी पडते, अशा प्रश्नांतून त्यांनी डिझाइन म्हणजे काय ते मांडले. त्या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तो भाग वाचताना मला आई आठवली. ती माठाची जुडी केळीच्या सोपाने बांधी, तीही अशी की लोकल पकडायच्या घाईतील बाईला एका हाताने उचलता यावी. मी विचारले असते, तर गिऱ्हाईक कोण, हे तिने मला कधीच सांगितले असते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. पोट भरते का? भरते; पण आरंभीची चारपाच वर्षे ओढाताणीची जातात, हे घराने धरून चालावे. शिकण्याच्या वाटा आज पुष्कळ आहेत. पवईच्या आयआयटीतील डिझाइनचे केंद्र १९६९ पासून आहे. तेथील पदवी अभ्यासक्रमासाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा २०१५ पासून होते आणि बारावीच्या कोणत्याही शाखेची मुले तिला बसू शकतात. अहमदाबादच्या संस्थेची परीक्षा निराळी. ज. जी. ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मराठी मुलांना स्वतःच्या लिपीचे भांडवलही आहे. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टाइप कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडविला. रुपयाचे चिन्ह पवईच्या त्याच केंद्रातील उदय कुमार या विद्यार्थ्याचे; सरकारने ते २०१० साली स्वीकारले. त्यात आपला 'र' आहे.

काम मागायला जाताना चाळीस चित्रे नेऊ नयेत. आठदहा कामे पुरेत. पण प्रत्येकाबरोबर अडचण काय होती, आधी काय चुकले आणि मग काय बदलले, हे सांगता आले पाहिजे. कच्चे कागद फेकू नयेत. निवड करणाऱ्याला त्यांतून माणूस विचार कसा करतो ते दिसते. व्यवहार लेखी असावा. काय देणार, किती वेळा दुरुस्ती करणार, पैसे केव्हा मिळणार, हे आधी कागदावर यावे आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. "नाव होईल" या बोलीवर फुकट काम करू नये; शेजारधर्म म्हणून करायचे असेल, तर तो शेजारधर्म आहे हे मनाशी स्पष्ट असावे. आपल्या लोकांना, आणि पॅरिशच्या सणांच्या पत्रिका वर्षानुवर्षे करणाऱ्या मलाही, हे जड जाते. पण डॉक्टरची फी आपण देतोच ना?

आता तर चार शब्द सांगितले की संगणकच चित्र काढून देतो. मुलांना त्याची धास्ती वाटते, ती खोटी नाही. काही कामे जातील, जशी माझी गेली. आजवर माझ्या हातातले साधन दोनदा बदलले, आणि बदलताना दोन्ही वेळा हाल झाले. पण बावखलाच्या काठी पडलेल्या माणसाला रंगावरून औषध कळते, हे त्याच्या डब्यात डोकावणाऱ्यालाच समजते. ते डोकावणे ज्याला जमेल, त्याला काम राहील असा माझा विश्वास आहे.

पुढल्या रविवारी मी त्या मुलीला हे सांगितले आणि एक काम दिले. तिची आजी रोज पाच गोळ्या घेते. तिला वाचता येत नाही. तिच्यासाठी गोळ्यांचा तक्ता करून आण, म्हटले. पंधरा दिवसांनी मायलेकी घरी आल्या. मुलीने तीन कागद पुढे ठेवले. पहिल्यावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी सुबक चंद्रकोर होती.

"काका, हा चुकला," ती म्हणाली. "आजी म्हणाली, हा कोयता कशाला काढलास?"

दुसऱ्या कागदावर पूर्ण चंद्र होता. तो आजीला भाकरी वाटला. तिसऱ्यावर अंथरलेली गोधडी आणि उशी होती. त्या कागदाला वरच्या बाजूस भोक पडले होते आणि कडेला हळदीचा डाग होता. तो आठवडाभर आजीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होता.

मी तिच्या आईकडे पाहिले. ती तो डाग पुसू लागली होती. मी म्हटले, "राहू दे. फाइलमध्ये हा कागद सर्वांत वर ठेव."