हावरी क्रियापदं

इंग्लंडातून लांडगा मध्ययुगाच्या अखेरीस नाहीसा झाला. तरी सँडविच घाईघाईनं पोटात ढकलण्याला तिथले लोक आजही 'वुल्फ डाउन' म्हणतात, आणि हे क्रियापद रूढ झालं ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ज्यांनी ते चालवलं, त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनीही गावाबाहेर लांडगा पाहिलेला नव्हता. परवा एका इंग्रजी बातमीत हा शब्द वाचला आणि तिथंच अडकलो.

तसा त्यात फारसा राग नाही. मीटिंगच्या आधी जेवण उरकणारा माणूस स्वतःबद्दलही तो बिनदिक्कत वापरतो. 'बोल्ट'मध्येही घाईच: गाडी गाठायची म्हणून नाश्ता न चावता घशाखाली. 'गझ्ल' पिण्याकडे जास्त झुकतं, आणि माणसापुरतं थांबतही नाही. पेट्रोल ढोसणाऱ्या मोटारींवर अमेरिकेनं १९७८ साली कायद्यानं कर बसवला, त्याचं नाव 'गॅस गझ्लर टॅक्स'.

मला सगळ्यात आवडतं ते 'स्कॉफ'. ब्रिटिश घरातला शब्द. डबा उघडावा तर तळाशी नुसता चुरा, आणि प्रश्न एकच, बिस्किटं कुणी स्कॉफ केली? शाळकरी पोरांच्या गोष्टींतला बिली बंटर असाच, दुसऱ्याचा खाऊ लांबवणारा. 'द मॅग्नेट' साप्ताहिकात तो १९०८ पासून हादडत होता. १९४० साली युद्धात कागद मिळेना, साप्ताहिक बंद पडलं. त्याच वर्षी लोणी, साखर आणि बेकन रेशनवर गेलं, आणि रेशनिंग पुरतं उठायला १९५४ उजाडलं. एवढी वर्षं त्या मुलांना स्कॉफ करायला फारसं काही नव्हतं. शब्द मात्र टिकला.

पुरणपोळीवर ताव मारला म्हटलं की आपल्याकडे वाढणारीही सुखावते. इंग्रजीतल्या या क्रियापदांत, एक 'टक इन' ('चला, सुरू करा' असा जेवणाचा आग्रह) सोडलं तर, वाढणारं माणूस कुठं दिसतच नाही. खाणारा असतो आणि लांबून बघणारा असतो. वाढणारा शोधायचा तर डिकन्सकडेच जावं लागतं.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये त्याच्याच साप्ताहिकात क्रमशः आली. नाताळची आदली संध्याकाळ, लोहाराचं घर. पिपची थोरली बहीण पाव छातीशी, एप्रनवर दाबून धरते. त्या एप्रनला टोचलेल्या टाचण्या-सुया अधूनमधून पावात शिरतात आणि मग खाणाऱ्याच्या तोंडात. लोणी बेतानं लावायचं आणि कडेचं खरवडून काढायचं. पिप आणि त्याचा मेव्हणा जो यांचा रोजचा खेळ ठरलेला: घास घ्यायचा आणि उरलेला तुकडा गुपचूप एकमेकांना दाखवायचा. त्या रात्री पिप पावाला तोंड लावत नाही. दलदलीत दडलेल्या एका पळपुट्या कैद्यानं त्याला दम देऊन खाणं आणायला सांगितलंय. जोची नजर वळते तोच तो अख्खा तुकडा विजारीच्या पायात सोडतो.

जो बघतो तर पाव गायब! 'बोल्ट' हा शब्द इथं त्या भल्या माणसाच्या तोंडी येतो, आणि काळजीपोटी येतो. लहानपणी आपणही असं करायचो, पण एवढा मोठा घास कधी पाहिला नाही, म्हणतो. बहीण पोराचं डोकं काखेत दाबते आणि त्या काळी औषध मानलं जाणारं डांबराचं पाणी पिंटभर घशात ओतते. जोलाही अर्धा पिंट. ज्यानं घासही घेतला नाही, त्या पोराला हावरटपणाचं औषध! पुढं तासभर ते पोर विजारीतला पाव सांभाळत नाताळचं पुडिंग ढवळत राहतं.

सकाळी कैदी खातो. बावचळून, इकडेतिकडे बघत, मध्येच थांबून कानोसा घेत. पिपला कुत्र्याची आठवण होते, तरी तो अदबीनं म्हणतो की तुम्हाला आवडतंय याचं मला बरं वाटतं. कैदी आभार मानतो. इतका सभ्य पाहुणचार मी इंग्रजीत दुसरीकडे वाचलेला नाही.

मग पिप मोठा होतो, लंडनमध्ये साहेब होतो, आणि तोच कैदी ऑस्ट्रेलियातून त्याच्या दारात येतो. पिपची साहेबी याच माणसाच्या कमाईवर चाललेली. न्याहारीला तो तसाच तुटून पडतो. फक्त आता काही दात निकामी झालेत. पिपला किळस येते. आपला आहार भारी आहे, असं म्हणून तो म्हातारा स्वतःच माफी मागतो. खाणारा तोच, भूक तीच. बदलला तो वाढणारा, आणि त्या न्याहारीच्या टेबलावर हावरा ठरवायचाच तर मी पिपला ठरवीन.

कादंबरी हाताशी असेल तर तिसरं आणि चाळिसावं प्रकरण लागोपाठ वाचा.