आगमनातली मूठ

मोहाडीच्या शिवारात नोव्हेंबर सरता सरता धानाच्या बांध्या मोकळ्या होतात, पुंजणी रचली जातात आणि बायापोरं सरवा वेचायला निघतात. नेमका याच दिवसांत आमचा आगमनकाळ लागतो. नाताळाआधीचे चार रविवार. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो. युरोपात हे दिवस काळोखाचे आणि बर्फाचे. तिथल्या माणसाला उजेडाची वाट पाहावी लागते. आमच्याकडे मात्र वर्षभरात घर एवढं भरलेलं कधी नसतं. नवा तांदूळ आलेला असतो, गावोगावच्या मंडई चालू असतात, रात्री दंडारीचा ढोल दूरवरून ऐकू येतो. भंडारा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाने आगमनकाळ ओळखला तो धानाच्या वासानं. आणि हातात काही असलेल्या दिवसांतच तो आल्यामुळे वाट पाहणं आणि देणं ही दोन कामं आमच्या घरांत कधी वेगळी झालीच नाहीत.

माझ्या लहानपणी मोहाडीत आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. आई सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं शिक्षण भंडाऱ्याच्या मिशन दवाखान्यात झालेलं. शिस्त तिथली आणि बोली झाडीची. शेती आम्हाला नव्हती. तांदूळ पायलीनं विकत यायचा, कधी एखाद्या बाळंतिणीच्या घरून टोपलीभर लुचई तांदूळ यायचा. आगमनाच्या पहिल्या रविवारपासून आई एक जर्मनचा डबा चुलीशेजारच्या फळीवर काढून ठेवी. रोज भाताचा तांदूळ मापून घेतला, की त्या मापातून एक मूठ परत काढायची आणि त्या डब्यात टाकायची. पोत्यातून नाही, मापातून. यावर तिचा कटाक्ष होता. पोत्यातून काढलेली मूठ कुणाला कळतही नाही, मापातून काढली की ताटात कळते. त्या चार आठवड्यांत आमच्याकडे भात जरा कमीच पडायचा आणि कढी जरा पातळ व्हायची. शेजारच्या आजीही संध्याकाळी दारातून विचारायच्या, "मूठ काढलीस का वो नर्सबाई?" त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण कुणाच्या तरी तोंडात जाणार आहे म्हटल्यावर त्याही कधी पदरातून मूठभर तांदूळ आणून त्या डब्यात टाकत.

ही रीत आमच्याच घरची नव्हे. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी 1910 च्या सुमारास दोन्ही वेळच्या स्वयंपाकातली एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढायला सुरुवात केली, आणि तिथल्या चर्चच्या कारभाराला आजही त्या मुठींचा आधार आहे. भात खाणाऱ्या मुलखाला हे दान आपसूक सुचावं असंच आहे. बाईच्या हातात पैसा नसे, पण तांदूळ मापण्याचा अधिकार तिचाच होता. मंडळीच्या पावतीपुस्तकात नाव घरधन्याचं लागे. मुठीचं पुस्तक कुणी ठेवलं नाही, म्हणून ते दान पूर्णपणे बायकांचं राहिलं.

चौथ्या रविवारी डबा पिशवीत रिकामा व्हायचा आणि आम्ही एस.टी.नं वरठीवरून भंडाऱ्याला जायचो. वीसेक किलोमीटरचा रस्ता, पण बसमध्ये बसायला जागा मिळाली तर तो दिवस चांगला. उपासनेत दानार्पणाची वेळ झाली की नाण्यांची थैली फिरायची आणि तिच्यामागून बायका एकेक करून पुढे जाऊन जाजमावर तांदूळ ओतायच्या. त्या ढिगात बारीक चिन्नोर, जाडाभरडा, उकडा, कण्या, सगळं एकत्र. चिन्नोरच्या घरून चिन्नोर आलाय आणि कण्यांच्या घरून कण्या, हे ढिगात पडताना दिसे. पडल्यावर दिसत नसे. पाळकसाहेब त्यावर हात ठेवून उपकारस्तुती करत. बायबलमधल्या विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट मी अनेक प्रवचनांत ऐकली, पण मला ती समजली त्या जाजमाजवळ.

पुढचं काम महिला मंडळाचं. दुपारी चर्चच्या व्हरांड्यात सुपं घेऊन त्या बसत, खडे निवडत आणि वाटे करत. कुणाच्या घरी किती तोंडं, कुणाच्या नवऱ्यानं विड्यांच्या कारखान्यातली मजुरी दारूत घालवली, कुणाचा मुलगा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत जखमी होऊन घरी बसलाय, हे त्यांना यादीशिवाय ठाऊक असे. वाटा पोचवायचा तो अंधार पडल्यावर, मागच्या दारानं. घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही. कुष्ठरोग झालेल्या माणसाच्या झोपडीत आईबरोबर मी गेले आहे. आई तिथे आधी त्याच्या पायाची जखम धुवायची, पट्टी बांधायची, मग तांदळाची पुरचुंडी ठेवायची. तो माणूस पुरचुंडीकडे बघायचा नाही. आईशी तिच्या माहेरच्या गावाबद्दल बोलत बसायचा. आम्हाला उशीर व्हायचा आणि आई उठायची नाही.

हंगामाच्या उपकारस्तुतीचा लिलाव हे त्या दिवसांतलं दुसरं मोठं प्रकरण. कोहळे, वांगी, लाखोळीची डाळ, गुळाची भेली, पाय बांधलेला कोंबडा, असं सगळं वेदीपुढे मांडलेलं. उपासना संपली की अंगणात बोली. एकानं कोहळा घ्यायचा, पैसे द्यायचे आणि तोच कोहळा पुन्हा मंडळीला द्यायचा. मग दुसरा बोली लावायचा. एकच कोहळा चार वेळा विकला जाई. त्या पैशात कुणाच्या तरी मुलीची शाळेची फी भरली जाई.

जुन्या गोष्टी सांगताना एक सांगायला हवं. आज ज्या चार मेणबत्त्यांशिवाय आगमनाची कल्पनाच करवत नाही, त्या आमच्याकडे अनादि काळापासून नव्हत्या. आमच्या भागात ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनमुळे. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले आणि तिथून हे काम पुढे भंडाऱ्यापर्यंत पोचलं. त्या स्कॉटिश परंपरेत आगमनकाळ पाळतच नसत, नाताळही नाही. शास्त्रात सांगितलेला नाही तो सण करायचा नाही, असा त्यांचा बाणा. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं 1640 मध्ये नाताळची सुट्टीच रद्द केली होती, आणि 25 डिसेंबर तिथं सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट 1958 मध्ये. म्हणजे ज्यांनी आम्हाला शुभवर्तमान दिलं त्यांच्या घरी सण नव्हता. सण केला तो आमच्या आजी-पणजींनी. त्यांना दिवाळी माहीत होती, मंडई माहीत होती. प्रभूच्या जन्माला करंज्या-अनारसे नाहीत आणि दारात दिवा नाही, हे त्यांना पटणंच शक्य नव्हतं.

मेणबत्त्यांची पद्धत जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखेर्न या पाळकानं अनाथ, गरीब मुलांसाठी आश्रम चालवला होता. नाताळ किती दिवसांवर आला, असं मुलं रोज विचारत, म्हणून 1839 मध्ये त्यानं लाकडाच्या एका चाकावर मेणबत्त्या लावल्या; रोज एक छोटी, रविवारी एक मोठी. पुढे चार मोठ्याच उरल्या आणि त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं मिळाली. भुकेल्या पोरांच्या घरातून निघालेला हा उजेड आहे, हे कळल्यापासून मला ती मेणबत्त्यांची पद्धत जास्त जवळची वाटते. आमच्याकडे ती येण्याची वाट मोकळी झाली 1970 मध्ये. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तो दिवस आगमनाचा पहिला रविवार होता. अँग्लिकन मंडळ्यांचं जांभळं वस्त्र, त्यांचं उपासनेचं पंचांग आणि आमची साधी स्कॉटिश उपासना एका छपराखाली आली. आमच्या पिढीला दोन्ही मिळालं, हे भाग्यच.

गाणी मात्र मराठीच होती आणि ती आमची खरी मिरास. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला, पण त्याआधी ते नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं राहिलेले, आणि राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. ती गाडी आमच्याच मुलखातून जाते, याचं आईला फार अप्रूप. वरठीचं भंडारा रोड स्टेशन आलं की ती हमखास सांगायची, "टिळक इथूनच गेले." त्यांनी अभंग, ओवी, भजनाच्या चाली ख्रिस्ती देवळात आणल्या म्हणून आमची आगमनाची उपासना टाळ, ढोलकी आणि पेटीवर उभी राहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त टिळकांचा देण्याचा स्वभाव वाचताना आम्हाला हसू यायचं आणि धाकही वाटायचा. हाताला येईल ते देऊन टाकणारा माणूस घरात असला की बाईला काय सोसावं लागतं, तेही त्यांनी लपवलेलं नाही.

गाण्याची फेरी निघायची ती तिसऱ्या रविवारनंतर. पेटी गळ्यात अडकवलेली, पुढे गॅसबत्ती. कामट्यांना पतंगी कागद चिकटवून केलेली चांदणी एका लांब बांबूवर, आत पणती. वाऱ्यानं कागद पेटला की पुढच्या घरी जाण्याआधी रस्त्यातच डिंकाची वाटी निघायची. घरोघरी चहा, मुरमुऱ्यांचा चिवडा आणि थैलीत चार आणे. ते चार आणेही वाट्यांतच जायचे.

आता भंडाऱ्याला उपासनेला जाते तेव्हा दाराशीच क्यूआर कोडची पाटी दिसते. कीबोर्ड आहे, भिंतीवर गाण्यांचे शब्द उमटतात, गाणी पुष्कळदा हिंदी असतात. तरुण मुलं मनापासून गातात. त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. टिळकांचं भजन वर्षात एकदा आठवण म्हणून म्हटलं जातं, याचं मात्र वाईट वाटतं. ज्या भाषेत माणूस रडतो त्याच भाषेत त्यानं वाट पाहावी असं मला वाटतं, आणि आमच्या मुलांची ती भाषा अजून तरी मराठीच आहे.

दान कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेली मुलं फोनवरून क्षणात पैसे पाठवतात. हिशेब सभेत वाचला जातो, खजिनदार बाई आहेत, पूर्वी पुस्तकात नाव नसलेल्या बायकांच्या सह्या आता धनादेशांवर असतात. हे सगळं पूर्वी नव्हतं आणि ते असायलाच हवं होतं. गरजही पालटली आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनचा तांदूळ तीन रुपये किलोवर आला आणि जानेवारी 2023 पासून तो फुकट मिळू लागला. धानाच्या जिल्ह्यात आता तांदळाच्या पुरचुंडीसाठी कुणी अडत नाही, ही देवाची दया आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या धडपडीचं फळ आहे. माणूस अडतो तो नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी, नर्सिंगच्या फीसाठी, म्हातारपणी सोबतीसाठी.

मला सलते ती एकच गोष्ट. हल्ली आगमनात ब्लँकेट वाटतात तेव्हा घेणाऱ्याला रांगेत उभं करतात, मागे बॅनर असतो आणि फोटो निघतो. थंडीत ब्लँकेट लागतंच, देणाऱ्यांचं मनही चांगलं असतं. पण एका वयस्क बाईला मी पाहिलं, फोटोच्या वेळी तिनं पदर ओढून चेहरा झाकला आणि कुणीतरी तिला पदर बाजूला करायला सांगितलं. मागचं दार बंद झालं ते असं. पैसा हिशेबात आला पाहिजे. गरज मात्र हिशेबात दाखवायची वस्तू नाही. आणि देणाऱ्याच्या बाजूनंही काही निसटलं आहे. फोनवरून पाठवलेले पाचशे रुपये मोठे असतील, पण त्यानं त्या रात्री घरात कुणाच्या ताटातला भात कमी झालेला नसतो. आगमनकाळ उपवासाच्या जातीचा काळ आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकायला सांगितलं, ते वाचन याच दिवसांत होतं. उरलेलं द्या, असं तो म्हणाला नव्हता.

मी महिला मंडळाच्या बैठकीत हे बोलले. मुलींनी ऐकून घेतलं, वादही घातला. आज मूठ म्हणजे काय, असा एकीनं सरळ प्रश्न केला. तिच्या घरी भात कुकरमध्ये होतो आणि माप कुणी धरत नाही. दुसरी म्हणाली, वेळ. आठवड्यातला एक संध्याकाळचा तास, मोबाइल घरी ठेवून, ज्याच्याकडे कुणी जात नाही त्याच्याकडे. दवाखान्यात ड्यूटी करणाऱ्या एकीनं हसून सांगितलं, की तिच्याकडे पैशापेक्षा तासच कमी आहे, तेव्हा दान तेच खरं. मला ते पटलं. 2026 मध्ये आगमनाचा पहिला रविवार पुन्हा 29 नोव्हेंबरलाच आहे. त्या रविवारपासून चार आठवडे जायचं ठरलं आहे: वरठीला दोघी, मोहाडीला तिघी, आंधळगावला कोण जाणार ते अजून ठरायचं आहे. बॅनर करायचा नाही आणि तांदूळ मागायचा नाही. पण कुणी घरून मूठ आणलीच, तर ती बरोबर न्यायला पिशवी मी शिवून देणार आहे.