सादळलेला इतिहास

आपल्या चळवळीत कॅमेरा विकत घ्यायचा ठरला की वर्गणी जमते. कुणी पगारातून देतो, कुणी ओव्हरटाइममधून देतो. पण तो कॅमेरा ठेवायचा कुठे आणि कसा, यावर बैठक बसत नाही. घोडपदेवच्या आमच्या मंडळात मात्र जमाखर्च वाचून झाला की दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "डब्यातले मीटर किती दाखवते?" नव्याने आलेल्या पोरांना हसू येते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून डब्यातल्या ओलाव्यावर कसली चर्चा? आमचे म्हणणे असे की ही चर्चा त्या फोटोखालीच व्हायला हवी.

आधी आमच्या वस्तीची हवा समजून घ्या. रे रोडच्या पलीकडे दारूखाना आहे. तिथे जुनी जहाजे तोडली जातात, लोखंड कापले जाते. आजूबाजूला लाकडाच्या वखारी आहेत. त्यामुळे आमच्याकडची धूळ नुसती मातीची नसते. तिच्यात लोखंडाचा कीस असतो, लाकडाचा भुसा असतो, वरून बंदराचा खारा वारा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाणे ही रोजची गोष्ट. त्यात घर एका खोलीचे. तिथेच कुकरची वाफ, तिथेच मोरी, तिथेच दोरीवर वाळत घातलेले कपडे.

लेन्सवरची बुरशी साठ टक्क्यांच्या पुढे अंग धरू लागते. काचेवर राहिलेला बोटांचा तेलकटपणा आणि धूळ हे तिचे खाद्य. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. मग तिच्यातून सुटणारे आम्ल काचेवरचा लेप खाते आणि शेवटी काचच खाते. तेव्हा बुरशी पुसली तरी डाग जात नाही. फिल्मच्या जुन्या निगेटिव्हची गत याहून वाईट. तिचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीला ताट वाढूनच ठेवलेले.

समाजशास्त्र शिकताना आम्ही 'कागदपत्रांचा अभाव' हा शब्दप्रयोग पुष्कळ वेळा वाचला. दलित वस्त्यांचा इतिहास लिहायला साधने नाहीत, असे म्हटले जाते. साधने होती. ती सादळली. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसे. नामांतराच्या मोर्चाचा फोटो, धम्मदीक्षेनंतर लागलेल्या पहिल्या बौद्ध पद्धतीच्या लग्नाचा अल्बम, हे सगळे पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, ओल आलेल्या भिंतीला लागून. आमच्या वस्तीत घरोघरी जुने अल्बम पाहताना पाने एकमेकांना चिकटलेली मिळतात. उघडायला जावे तर चेहराच पानाबरोबर सोलून येतो. ज्यांच्याकडे कोरडी, हवेशीर, जास्तीची खोली होती त्यांचा इतिहास टिकला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आज पुरावा विचारला जातो. म्हणून ओल ही केवळ हवामानाची गोष्ट नाही. कुणाच्या भिंतीला ओल यायची, हेही या व्यवस्थेनेच ठरवलेले आहे.

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले? जानेवारी १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर रोडच्या घरातून त्यांचे कागद उघड्या अंगणात फेकले गेले. त्या रात्री पाऊस आला आणि कित्येक मौल्यवान कागद भिजून गेले. त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी हे लिहून ठेवले आहे. जगभर वाचल्या जाणाऱ्या माणसाच्या कागदांची ही अवस्था, तर घोडपदेवच्या गोदी कामगाराच्या अल्बमची काय कथा?

बाबासाहेबांना या गोष्टीचे मोल पुरेपूर माहीत होते. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत संसार आणि पुस्तके मावेनात, तेव्हा त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते ग्रंथांचा विचार करून. आपण राजगृहासमोर उभे राहून सेल्फी काढतो. वस्तूसाठी आधी जागा करण्याची त्या घराची शिकवण मात्र घरी नेत नाही.

कॅमेऱ्याचा प्रश्न हौसेचा नाही, हे ११ जुलै १९९७ ने शिकवले. घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला आणि आपली दहा माणसे गेली. जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा होता. असा दावा तपासायला चित्रण किती मोलाचे ठरते, ते आनंद पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'ने दाखवून दिले. महिना पाहा : जुलै. अन्याय पावसाळा संपायची वाट पाहत नाही. त्या दिवशी आपल्या वस्तीतला कॅमेरा कपाटात बुरशी धरून बसलेला असेल, तर साक्षीदारच आंधळा झाला.

"आता मोबाइल आहे की!" असे तरुण मित्र म्हणतात. मोबाइल हवाच. पण रात्रीचा मोर्चा, लांबच्या व्यासपीठावरचा वक्ता, पुढे पुस्तकात किंवा कोर्टात लागणारा स्वच्छ फोटो, इथे चांगल्या लेन्सला पर्याय नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. विजेवर चालणारी कोरडी कपाटे स्टुडिओवाल्यांना परवडतात, आपल्याला कुठली? तर आपल्या आयांकडे बघा. पापड वर्षभर सादळू न देण्याची विद्या त्यांच्याकडे आहे. तीच इथे लागते.

रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. त्यात सिलिका जेलचे मणी पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवा, शेजारी आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर. ते काही शे रुपयांत मिळते. आकडा चाळीस ते पन्नासच्या मधे हवा. तीसच्या खालीही नको, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि आतले वंगण सुकते. निळे मणी ओल पिऊन गुलाबी होतात. निळा रंग उडाला की समजावे, ओल आत शिरली! मणी ओव्हनमध्ये तापवून वाळवले की पुन्हा निळे होतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते, ते विषारी. घरात लहान मुले असतील तर नारिंगी मणी आणा आणि तापवायला स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत. कॅमेऱ्याची बॅग फक्त प्रवासापुरती, कारण तिचे अस्तरच ओल धरून ठेवते. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा गुलाल उडतो तेव्हा लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर एखाद्या दुकानाच्या आडोशाला, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून. तोंडाने फुंकर मारू नका, तिच्यात थुंकीचे कण असतात. रबरी पंप वापरा, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतलात की आधी जेवायला बसू नका. शिवाजी पार्कची माती आणि समुद्राचे मीठ अंगावर घेऊन आलेला कॅमेरा आधी पुसा : बाहेरचा भाग किंचित ओलसर कापडाने, मग कोरड्याने.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेरा एकाच कार्यकर्त्याच्या घरी राहिला की तो हळूहळू त्याचा होतो. फोटो कुणाचे काढायचे हेही मग तोच ठरवतो. आमचा डबा बुद्धविहारातल्या कपाटात असतो, बाहेरच्या भिंतीपासून दूर, मेणबत्ती-अगरबत्तीच्या धुरापासूनही दूर. किल्ल्या दोन, एक मुलीकडे, एक मुलाकडे. वहीत नोंद : कोण घेऊन गेले, कधी आणले, मीटर किती. दर रविवारी वंदनेनंतर कॅमेरा बाहेर निघतो आणि कुणी ना कुणी चालवायला शिकते. हातात फिरणाऱ्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही. ती धरते कुलपात पडून राहिलेल्याला.

आपल्या विहारात कपाट आहे. त्यातला एक खण या पावसाळ्याआधी रिकामा करा.

जय भीम!